रंग गेला म्हणजे काम झालं का? सूर्यप्रकाशावर चालणारा ऑक्साइड फोटोकॅटालिस्ट बनवण्याची आणि पारखण्याची पद्धत

निळं पाणी, चिमूटभर पांढरी पूड आणि ऊन. तासा-दोन तासांत निळा रंग उतरतो आणि पाणी स्वच्छ दिसू लागतं. मेटल ऑक्साइड नॅनोकणांशी बहुतेकांची पहिली भेट या प्रयोगातून होते, माझीही तशीच झाली. पुढे बरेच महिने घालवल्यावर लक्षात आलं की रंग जाण्यामागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि फोटोकॅटालिसिस, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर पुडीने रंगाचा रेणू तोडणं, हे त्यातलं फक्त एक आहे. म्हणून या लेखात पूड बनवण्याची कृती आहेच, पण ती पूड खरंच काम करते का हे कसं ओळखायचं, त्यावर मी जास्त थांबणार आहे. साधी रसायनशाळा, एक फर्नेस, सेंट्रीफ्यूज आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढं हाताशी असेल तर यातलं बहुतेक सगळं करता येतं.

आधी थोडं तत्त्व

अर्धवाहक ऑक्साइडवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापट्ट्यातून (व्हॅलन्स बँड) उडून वरच्या पट्ट्यात (कंडक्शन बँड) जातो आणि मागे धनप्रभारित जागा, म्हणजे होल, उरते. या दोघांनी पृष्ठभागापर्यंत पोहोचून काम केलं तर फोटोकॅटालिसिस. वाटेतच एकमेकांना भेटले तर उष्णता, आणि फोटॉन वाया. पाण्यात होलपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड होतो आणि ही मंडळी सेंद्रिय रेणू तोडत जातात. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून या क्षेत्राला वेग आला.

कोणता प्रकाश चालेल हे बँड गॅपवरून, म्हणजे या दोन बँडमधल्या ऊर्जेच्या अंतरावरून, ठरतं. १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या बँड गॅपने भागा, तरंगलांबीची मर्यादा नॅनोमीटरमध्ये मिळते. टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) ॲनाटेज या स्फटिकरूपाचा बँड गॅप ३.२, म्हणजे मर्यादा सुमारे ३८८ नॅनोमीटर. रुटाइल या दुसऱ्या रूपाचा ३.०, म्हणजे ४१३. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. या मर्यादेचा अर्थ किती कठोर आहे ते एका उदाहरणातून कळतं. काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटानेटवर, ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात, पाण्याच्या विघटनाची क्वांटम कार्यक्षमता सुमारे ९६ टक्क्यांवर नेली. म्हणजे जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी आला. त्याच जातीच्या पदार्थाचे १०० चौरस मीटरचे पॅनेल उन्हात लावले, तेव्हा सौरऊर्जेचं हायड्रोजनमध्ये रूपांतर जास्तीत जास्त ०.७६ टक्के झालं. पदार्थात खोट नव्हती, त्याला उन्हातला फार थोडा भाग दिसत होता.

कोणता ऑक्साइड घ्यायचा

मग कमी बँड गॅपचा ऑक्साइड घ्यावा, असं कुणालाही वाटेल. हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, २.१ च्या आसपास आहे, स्वस्त आहे, दृश्य प्रकाश भरपूर शोषतो. पण त्यात होल साधारण २ ते ४ नॅनोमीटर सरकतो आणि संपतो. त्याहून खोल जन्मलेला प्रत्येक होल कणाच्या पोटातच मरतो. टंगस्टन ट्रायऑक्साइडचा बँड गॅप २.६ ते २.८, आम्लात टिकतो, पण त्याचा कंडक्शन बँड इतका खाली आहे की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला सहजी पकडत नाही. त्यावर प्लॅटिनमसारखा सहउत्प्रेरक चढवावा लागतो. क्युप्रस ऑक्साइड दृश्य प्रकाशात उत्तम, मात्र स्वतःच बदलून जातो. बिस्मथ व्हॅनाडेट २.४ वर आहे, पाण्यातून ऑक्सिजन काढायला चांगला, हायड्रोजन काढायला नाही.

नव्याने हात घालणाऱ्याने झिंक ऑक्साइडपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कृती पाण्यात होते, महाग रसायनं लागत नाहीत आणि मिळणारा पदार्थ ओळखायला सोपा आहे. बँड गॅप टायटॅनियाच्या जवळचाच आहे, त्यामुळे दृश्य प्रकाशाची अपेक्षा ठेवू नका. त्याचा मोठा दोष म्हणजे तो आम्लात विरघळतो, तीव्र अल्कलीत विरघळतो आणि प्रकाशात हळूहळू स्वतःच झिजतो. त्याबद्दल पुढे. तुलनेसाठी 'पी२५' नावाची टायटॅनियाची पूड जवळ ठेवा: साधारण ८० टक्के ॲनाटेज, उरलेला मुख्यतः रुटाइल, कण २१ नॅनोमीटरच्या आसपास, पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर. जगभर हीच मोजपट्टी वापरतात. तिच्याशी तुलना नसलेला आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

पूड बनवणं

२.१९५ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. हे ०.१ मोलर द्रावण झालं. दुसऱ्या बीकरमध्ये १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. हिशेबाने ०.८ ग्रॅम पुरतं, थोडं जास्त असलं की अवक्षेप पूर्ण होतो. झिंकचं द्रावण मॅग्नेटिक स्टिररवर ६० ते ७० अंश सेल्सिअसला ठेवा आणि अल्कली ब्युरेटमधून थेंबथेंब, अर्ध्या तासात सोडा. घाई केली तर एका ठिकाणी अल्कली साचते आणि कण लहान-मोठे होतात. पांढरा अवक्षेप दिसू लागेल. सगळं टाकून झाल्यावर त्याच तापमानाला दोन तास ढवळत राहा. "अजून थोडं" म्हणत अल्कली वाढवत नेऊ नका. पीएच १२-१३ च्या वर गेला की झिंक पुन्हा झिंकेट होऊन विरघळतं आणि हाती काहीच लागत नाही.

आता धुणं. या पायरीला कंटाळून लोक ती उरकतात, आणि पुढचे सगळे आकडे तिथेच बिघडतात. उरलेलं सोडियम आणि ॲसिटेट कणांना चिकटून बसतं. सेंट्रीफ्यूज करून वरचं पाणी टाका, नवीन पाणी घालून साका पूर्ण विखुरेल इतकं हलवा, पुन्हा सेंट्रीफ्यूज. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत हे करायचं, मग किती वेळा करावं लागतं ते मोजत बसू नये. शेवटचं धुणं इथेनॉलने करा, त्याने वाळताना कण कमी चिकटतात. ८० अंशांना रात्रभर वाळवा, हलक्या हाताने खलून घ्या आणि क्रुसिबलमध्ये ४०० अंशांना दोन तास भाजा. तापमान मिनिटाला ५ अंशांनी चढवा. सगळं झिंक ऑक्साइडमध्ये उतरलं तर ०.८१ ग्रॅम मिळायला हवं, धुण्यात थोडं जातंच. वजन ०.८१ पेक्षा जास्त भरलं तर आनंद मानू नका, पूड ओली आहे किंवा मीठ राहिलंय.

भाजण्याचं तापमान ही ओढाताण आहे. कमी भाजलं तर स्फटिकात दोष राहतात आणि इलेक्ट्रॉन-होल त्या दोषांवर भेटून संपतात. जास्त भाजलं तर कण एकमेकांत वितळून मोठे होतात आणि पृष्ठफळ घटतं. ३००, ४०० आणि ५०० अशा तीन तुकड्या करून पाहणं हा छान छोटा प्रकल्प होतो.

सुकी नॅनोपूड हाताळताना फ्युम हूड आणि चांगला श्वसनमास्क हवाच. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने '२बी' गटात, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. सांडलेली पूड झाडू नये, ओल्या कापडाने टिपून घ्यावी.

जे बनलं ते तेच आहे का

एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, तांब्याच्या नेहमीच्या किरणांवर, झिंक ऑक्साइडची तीन मोठी शिखरं ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांना दिसतात. टायटॅनिया केला असेल तर ॲनाटेज २५.३ ला, रुटाइल २७.४ ला. शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार काढतात. समजा ३६.३ अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४ अंश आहे. रेडियनमध्ये ०.००६९८. मग ०.९ गुणिले ०.१५४०६, भागिले ०.००६९८ आणि १८.१५ अंशांचा कोसाइन, उत्तर सुमारे २१ नॅनोमीटर. रुंदी रेडियनमध्ये घ्यायची आणि कोन निम्मा करायचा, या दोन गोष्टी विसरल्यामुळे चुकलेले आकडे मी खूप पाहिले आहेत. उपकरणाची स्वतःची रुंदीही वजा करावी लागते. शिवाय हा स्फटिकाचा आकार आहे, कणाचा नव्हे. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात, कण पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

बँड गॅप डिफ्यूज रिफ्लेक्टन्सवरून, म्हणजे पुडीवरून विखुरून परतणाऱ्या प्रकाशावरून, टॉक आलेखाने काढतात. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप डायरेक्ट, ॲनाटेजचा इनडायरेक्ट, त्यानुसार आलेखाच्या सूत्रातला घातांक बदलतो. चुकीचा घातांक घेऊन "बँड गॅप कमी झाला" असा शोध लावणं फार सोपं आहे.

उन्हातली चाचणी

मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं लिटरला १० मिलिग्रॅम द्रावण २०० मिलिलिटर घ्या आणि त्यात १०० मिलिग्रॅम पूड, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. जास्त पूड म्हणजे जास्त वेग असं नाही. एका मर्यादेनंतर वरचे कण खालच्यांवर सावली धरतात. पूड पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये विखरून घ्या.

आधी अंधार. बीकर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून अर्धा ते एक तास ढवळा आणि दर दहा मिनिटांनी नमुना काढून पाहा. लागोपाठचे दोन आकडे जुळले की रंगाचं चिकटणं थांबलं, आणि तिथली संहती ही तुमची सुरुवातीची संहती. बाटलीवर लिहिलेले १० मिलिग्रॅम ही सुरुवात नव्हे. ही पायरी वगळली तर चिकटलेला रंगही फोटोकॅटालिसिसच्या खात्यात जमा होतो.

भांडं कोणतं, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, तरी कितीतरी प्रयोग त्यानेच फसतात. पॉलिकार्बोनेट जवळजवळ सगळा उपयोगी अतिनील प्रकाश अडवतं. त्याचं झाकण ठेवलंत तर उन्हात ठेवलेला प्रयोग प्रत्यक्षात अंधारात होतो. बोरोसिलिकेटचं रुंद तोंडाचं भांडं घ्या, द्रावणाची खोली दोन-तीन सेंटिमीटर ठेवा, वरून उघडं. उघड्या भांड्यातून पाणी उडतं आणि संहती वाढलेली दिसते, म्हणून भांडं सुरुवातीला वजन करून ठेवा आणि प्रत्येक नमुन्याआधी उडालेलं पाणी ऊर्ध्वपातित पाण्याने वजनाला भरून काढा. भांडं पाण्याच्या परातीत ठेवलं की तापमान फार चढत नाही. सतत ढवळणं आणि छोट्या पंपाने हवा सोडणं आवश्यक आहे, कारण ऑक्सिजन संपला की इलेक्ट्रॉनला जायला जागा उरत नाही.

शेजारी, त्याच वेळी, आणखी तीन भांडी हवीत: एकात फक्त रंग आणि ऊन, दुसऱ्यात रंग आणि पूड पण फॉइलच्या आत, तिसऱ्यात पी२५. ऊन रोज वेगळं असतं, ढग येतात-जातात, म्हणून सोमवारची पूड आणि बुधवारची पूड यांची तुलना होत नाही. अतिनील मापक असेल तर वेळेऐवजी प्रमाणित वेळ वापरा. स्पेनमधल्या प्लाताफॉर्मा सोलार दे अल्मेरिया या केंद्रातल्या कामातून रुळलेली ही पद्धत आहे: चौरस मीटरला ३० वॅट अतिनील हे प्रमाण धरून प्रत्येक टप्प्याचा वेळ त्या पटीत बदलायचा. १५ मिनिटं सरासरी ३६ वॅट पडले तर ती १८ मिनिटं धरायची. द्रावणाचा थोडाच भाग उजेडात असेल तर त्या प्रमाणातही कमी करायचं.

दर १५ मिनिटांनी ३ मिलिलिटर नमुना घ्या आणि लगेच सेंट्रीफ्यूज करा. फिल्टर वापरणार असाल तर आधी माहीत संहतीचं द्रावण त्यातून काढून बघा, सेल्युलोजचे पडदे मिथिलीन ब्लू पकडून ठेवतात. मग मिथिलीन ब्लूच्या शिखराचा, म्हणजे ६६४ नॅनोमीटरचा, एकच आकडा घेऊन थांबू नका, २०० ते ८०० पूर्ण स्कॅन घ्या. ८०० नॅनोमीटरला मिथिलीन ब्लू काही शोषत नाही, तिथे ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती अडला त्याचं माप) शून्य नसेल तर नमुन्यात अजून कण तरंगताहेत. १० मिलिग्रॅमच्या द्रावणाचा ॲब्सॉर्बन्स २ च्या आसपास जातो, तेव्हा आधी माहीत संहतींच्या द्रावणांचा अंशांकन आलेख काढून तो कुठपर्यंत सरळ आहे ते पाहा, गरज पडल्यास नमुना पातळ करा.

आलेख काढताना सुरुवातीच्या आणि त्या वेळच्या संहतीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम वेळेसमोर मांडा. विरळ द्रावणात तो सरळ येतो आणि त्याचा चढ म्हणजे वेगस्थिरांक. अंधारानंतर ९ मिलिग्रॅम असलेलं द्रावण ६० मिनिटांत २.७ वर आलं, तर ३.३३ चा लॉग १.२०४ आणि वेगस्थिरांक मिनिटाला ०.०२०. त्यातून फक्त रंग आणि ऊन असलेल्या भांड्याचा वेग बाजूला काढून दाखवा. आणि "९८ टक्के" असं नुसतं लिहू नका. वेळ पुरेसा दिला की मंद पूडही ९८ टक्क्यांवर पोहोचते.

रंग जाण्याची बाकीची कारणं

रंग पुडीला चिकटणं आणि उन्हाने स्वतः उडणं, ही दोन कारणं वरच्या भांड्यांनी पकडली. तिसरं कारण लपून बसतं. मिथिलीन ब्लू स्वतः लाल-नारिंगी प्रकाश शोषतो, उत्तेजित होतो आणि आपला इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या कंडक्शन बँडमध्ये टाकतो. रंग तुटतो, पण ऑक्साइडने एकही फोटॉन शोषलेला नसतो. पांढऱ्या पुडीला "दृश्य प्रकाशात सक्रिय" ठरवणारे कितीतरी निष्कर्ष या एका गोष्टीवर उभे असतात. पुडीत नायट्रोजन मिसळा वा आणखी काही, तपासायचं असेल तर रंगहीन रेणू घ्या, उदाहरणार्थ फिनॉल. त्यातही सावध राहा, फिनॉलसारखे रेणू टायटॅनियाच्या पृष्ठभागाला जोडले जाऊन थोडा दृश्य प्रकाश शोषू लागतात. पक्का पुरावा एकच: वेगवेगळे कटऑफ फिल्टर (ठरावीक तरंगलांबीपेक्षा आखूड प्रकाश अडवणारे) लावून वेग मोजा आणि तो कुणाच्या शोषणवर्णपटाप्रमाणे चालतो ते पाहा, पुडीच्या की रंगाच्या.

चौथं: ऑक्सिजन कमी पडला की इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्लूलाच जाऊन मिळतात आणि त्याचं रंगहीन ल्युको रूप होतं. रेणू जिथल्या तिथे असतो. उजेड बंद करून अंधारात हवा सोडा. निळेपणा परत आला तर काय झालं ते कळलं.

आणि रंग खरोखर तुटला तरी काम पूर्ण झालं असं नाही. मिथिलीन ब्लूचे मिथाइल गट एकेक करून गळतात, शिखर ६६४ वरून डावीकडे सरकत जातं, उंचीही कमी होते. पूर्ण स्कॅन घ्यायला सांगितलं ते याचसाठी. खरं खनिजीकरण, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाणं, एकूण सेंद्रिय कार्बन मोजून कळतं. निर्जल मिथिलीन ब्लूच्या १० मिलिग्रॅममध्ये कार्बन ६ मिलिग्रॅम असतो. पाणी पारदर्शक झालं आणि कार्बन अजून ४ मिलिग्रॅम दाखवतोय, तर दोन-तृतीयांश माल पाण्यातच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

पीएचचा एक मुद्दा इथेच सांगायला हवा. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागाचा प्रभार पीएच ९ च्या आसपास शून्य होतो, टायटॅनियाचा ६ ते ६.५ ला. म्हणजे उदासीन पाण्यात झिंक ऑक्साइड धन आणि टायटॅनिया किंचित ऋण. मिथिलीन ब्लू धनप्रभारित असल्यामुळे तो टायटॅनियाला जास्त चिकटतो. दोन ऑक्साइडची तुलना एकाच रंगावर करून कुणाला श्रेष्ठ ठरवणं म्हणूनच अन्यायाचं आहे. निदान एक ऋणप्रभारित रंग, जसा मिथिल ऑरेंज, आणि एक रंगहीन रेणू सोबत घ्या.

टिकतं का?

तीच पूड धुऊन, वाळवून पाच वेळा वापरा. दर वेळी थोडी पूड सांडते. उरलेल्या पुडीचं वजन करून द्रावणाचं प्रमाण त्यानुसार कमी करा, नाहीतर पुडीची घट आणि सक्रियतेची घट यांची गल्लत होते. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत गाळलेल्या पाण्यातलं झिंक ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनने मोजाच. होल कधीकधी पाण्याऐवजी जाळीतल्या ऑक्सिजनलाच खातो आणि झिंक आयन पाण्यात सुटतात, जे जलचरांना घातक आहेत. पाणी स्वच्छ करायला निघालेली पूड पाण्यात झिंक सोडत असेल तर तसं अहवालात लिहिलं पाहिजे.

शेवटी नळाच्या किंवा तळ्याच्या पाण्यात एकदा चाचणी करा. बायकार्बोनेट आणि क्लोराइड हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतात, नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यं प्रकाश आणि जागा दोन्ही अडवतात. वेग घसरण्याची मानसिक तयारी ठेवा.

काचेवर बसवताना

तरंगती पूड पाण्यातून पुन्हा काढणं जिकिरीचं असतं, म्हणून मोठ्या प्रमाणावर ती काचेवर बसवतात. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड आयसोप्रोपेनॉलमध्ये थोड्या आम्लासह घेऊन सोल, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगणारं द्रव, बनवतात, काच त्यात बुडवून सावकाश वर ओढतात आणि ४५० अंशांना भाजतात. आयसोप्रोपॉक्साइड हवेतल्या ओलाव्यानेही फुटतं, भांडी कोरडीठाक हवीत. साध्या काचेतलं सोडियम भाजताना वर येऊन थराची सक्रियता मारतं. बोरोसिलिकेट घ्या किंवा खाली सिलिकाचा थर द्या. थर वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीवर पांढरं आलं तर थर पाण्यात टिकणार नाही.

प्रयोगानंतरचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. पूड बसू द्या, सेंट्रीफ्यूज करून वेगळी करा आणि झाकणाच्या बाटलीत, नाव आणि तारीख लिहून, धातूंच्या कचऱ्यात द्या. वरच्या पाण्यात झिंक आणि अर्धवट तुटलेले रेणू असू शकतात, तेही प्रयोगशाळेच्या द्रव कचऱ्याच्या कॅनमध्येच जायला हवं.